नियोजनाचं बक्षीस द्यायचंय? आधी भर पावसात जागा बघून या

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगली आणि सातारा जिल्ह्यांतले काही तरुण आर्किटेक्ट आणि इंजिनिअर मिळून नगर व प्रादेशिक नियोजनातल्या चांगल्या कामाला दरवर्षी एक पुरस्कार द्यायचं म्हणताहेत. ८ नोव्हेंबरला, म्हणजे जागतिक नगररचना दिनी, कार्यक्रम करायचा. निकष कोणते ठेवावेत, ज्युरी कशी निवडावी आणि मुळात एखादं नियोजन उत्कृष्ट आहे हे ओळखायचं कशावरून, असं त्यांनी विचारलंय.

मी चौतीस वर्षं हेच काम केलं. निम्मी नोकरीत, निम्मी खाजगी सल्लागार म्हणून. तीनदा वेगवेगळ्या पुरस्कारांच्या ज्युरीत बसले. त्यातल्या एका निकालाची मला आजही लाज वाटते, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

एका गावाने (नाव राहू दे) नाल्याकाठच्या सुशोभीकरणाचा प्रस्ताव पाठवला होता. जाड गुळगुळीत कागदाची पुस्तिका, थ्रीडी चित्रं, बाकांवर बसलेली हसरी माणसं, सायकलवरची मुलगी, वर आकाशात फुगेसुद्धा. आम्ही पाच जणांनी एसी हॉलमध्ये चहा-बिस्किटं खात अडीच तासांत सव्वीस प्रस्ताव उरकले आणि याला पहिलं बक्षीस दिलं. दोन वर्षांनी एका लग्नासाठी त्याच गावात जायचा योग आला. जेवणं झाल्यावर म्हटलं, बघून तर येऊ. नाल्याच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती, तळालाही काँक्रीट आणि फाटकाला कुलूप. शेजारच्या टपरीवाल्याला विचारलं, बंद का ठेवलंय? तो म्हणाला, "मॅडम, आधी पाऊस झाला की गल्लीतलं पाणी नाल्यात पडायचं. आता भिंतीला अडून आमच्या घरात शिरतंय. बाग कसली, उंदरं फिरत्यात आत."

झालं होतं ते अगदी साधं. गल्ल्यांमधून नाल्याकडे उतरणाऱ्या गटारांच्या तोंडावरच भिंत आली होती. भिंतीत ठेवलेली भोकं चार इंचांची होती आणि तीही पहिल्याच पावसात प्लॅस्टिकने तुंबली. हे आम्हाला हॉलमध्ये बसूनही कळायला हवं होतं, कारण त्या साठ पानी पुस्तिकेत नाल्याचा एकही आडवा छेद, म्हणजे नाला आडवा कापला तर कसा दिसेल ते चित्र, नव्हतं. नाल्याचं काम आणि छेद नाही, म्हणजे आजाऱ्याच्या फाईलीत फोटो आहे पण रक्ताचा रिपोर्ट नाही. आम्ही फोटो बघून बक्षीस दिलं.

म्हणून पहिलं सांगणं हे, की काम जागेवर पूर्ण होऊन पाच पावसाळे गेल्याशिवाय ते बक्षिसाला घेऊच नका. पाच जास्त वाटत असतील तर तीन, पण त्याच्या खाली उतरू नका. अमेरिकेतल्या नियोजनकारांच्या संघटनेचा एक 'लँडमार्क' सन्मान आहे, तो किमान २५ वर्षं जुन्या कामालाच मिळतो. आपल्याला तेवढं ताणायची गरज नाही, पण त्यामागचा विचार घ्यावा. इमारत उद्घाटनाच्या दिवशी सर्वांत चांगली दिसते. आराखड्याचं तसं नसतं, तो चांगला आहे की नाही हे त्याच्या पहिल्या वाईट दिवशी कळतं.

वाईट दिवसांच्या बाबतीत सांगलीला काही कमी नाही. कृष्णेवर १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलावर ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. त्याआधी २००५, त्यानंतर २०२१. सोळा वर्षांत तीन मोठे पूर, म्हणजे सांगलीच्या प्रत्येक लेआउटची (जमिनीचे प्लॉट आणि रस्ते पाडून केलेल्या आखणीची), विकास योजनेतल्या प्रत्येक रस्त्याची तीनदा परीक्षा होऊन गेलेली आहे आणि निकाल घरांच्या भिंतींवर मातकट रेघेच्या रूपात लागलेला आहे. तुमच्या ज्युरीला वेगळा अभ्यास करायची गरज नाही, ती रेघ वाचता आली पाहिजे. पाणी कोणाच्या घरात शिरलं हा झाला अर्धा प्रश्न. कृष्णेच्या इतकं जवळ राहिल्यावर पाणी येणारच. बाकीचा अर्धा असा, की पाणी चढत असताना त्या भागातून बाहेर पडायचा रस्ता किती वेळ कोरडा राहिला? जनावरं कुठे बांधली? निवारा म्हणून ठरवलेल्या शाळेच्या तळमजल्यावरच पाणी आलं का? सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर या भागांतल्या लोकांना विचारा. किती फुटांना कोणता रस्ता बुडतो हे ते आपल्यापेक्षा अचूक सांगतात.

पूररेषेबद्दल इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येईल अशा पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदाच्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये बांधकामाला मनाई, निळी आणि लाल यांच्यामध्ये अटी घालून परवानगी. एवढं सगळ्यांना माहीत असतं. बक्षिसाला आलेल्या आराखड्यात मी वेगळंच शोधते. निळ्या रेषेच्या आतल्या जमिनीचं त्या माणसाने काय केलं? नुसती हिरवी रंगवून सोडून दिली असेल तर समजायचं की दहा वर्षांत तिथे रात्रीतून भराव पडणार. मालकाला त्या जमिनीतून काहीतरी मिळत राहील असा उपयोग सुचवला असेल, म्हणजे रोपवाटिका, गवताची कुरणं, खेळाचं मैदान, आठवडी बाजार, आणि तो उपयोग जमिनीवर टिकला असेल, तर ते डोकं वापरून केलेलं काम. रंग कोणीही भरतो. हिरवा जरा जास्तच भरतात.

ओपन स्पेसवर मी जास्त लिहिणार आहे, कारण चांगला नियोजनकार आणि कामचलाऊ नियोजनकार यांच्यातला फरक इतक्या स्वस्तात दुसरीकडे कुठे दिसत नाही. नियम सोपा आहे. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा लेआउट केला की १० टक्के जागा मोकळी सोडायची. ही १० टक्के जागा बहुतेक लेआउटमध्ये कुठे असते? नाल्याच्या कडेला, हायटेन्शन तारेखाली किंवा प्लॉट पाडून उरलेल्या तिकोनी तुकड्यात. क्षेत्रफळ बरोबर भरतं, मंजुरी मिळते, कोणी चुकलं असं म्हणता येत नाही. पुढे त्या तिकोनात आधी कचरा, मग पत्र्याची शेड, मग शेडमध्ये मूर्ती, मग शेडला स्लॅब. विश्रामबागेपासून मिरजेच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी फिरून असे लेआउट मोजा, वहीची पानं संपतील.

उलट एखादा लेआउट असतो, जिथे मोकळी जागा मधोमध आहे, चारही बाजूंनी घरांची दारं तिच्याकडे तोंड करून आहेत आणि तीन रस्ते तिथे येऊन मिळतात. मालकाने त्यासाठी दोन कॉर्नर प्लॉटचे पैसे सोडलेले असतात. असं एक मैदान मी ओळखते. संध्याकाळी सहाला तिथे एका टोकाला क्रिकेट, दुसऱ्या टोकाला आज्यांची बैठक आणि मध्ये एक माणूस स्कूटर शिकवतोय. तीस वर्षांत तिथे एकही शेड उभी राहिली नाही, कारण वीस घरांच्या खिडक्यांमधून रात्रंदिवस राखण होते. ते आखणाऱ्या माणसाला कोणी शाल दिलेली नाही. त्याने पुस्तिका छापली नव्हती, नकाशावर फक्त सर्व्हे नंबर लिहिला होता.

अशी माणसं स्वतःहून अर्ज करणार नाहीत. म्हणून फक्त आलेल्या प्रवेशिकांवर अवलंबून राहू नका, निम्मी नावं तुम्ही शोधून आणा. प्रवेश फी ठेवू नका. फी ठेवली की सल्लागार कंपन्या येतात आणि छोट्या नगरपंचायतीचा रचना सहायक येत नाही.

आरक्षणांचं, म्हणजे विकास योजनेत बागा-शाळांसाठी राखून ठेवलेल्या जागांचंही तसंच. विकास योजना मंजूर झाली की पेपरात बातमी येते, अमुक बागा, तमुक शाळा. त्या दिवशी टाळ्या वाजवायचं कारण नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याचं कलम १२७ लक्षात ठेवा. योजना अंमलात येऊन दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि पुढच्या २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. शंभर आरक्षणं टाकून पाच ताब्यात घेणाऱ्यापेक्षा पंधरा टाकून बारा मिळवणारा मला थोर वाटतो. ज्युरीसाठी हा आकडा मागायला सोपा आहे. टाकलेली किती, ताब्यात आलेली किती, प्रत्यक्ष वापरात किती. तीन रकाने. ज्यांना हे तीन रकाने भरता येत नाहीत, त्यांच्या पुस्तिकेची बाकीची पानं उलटू नका.

आता बक्षिसं देण्याच्या पद्धतीविषयी. आपल्या दोन जिल्ह्यांना याचा चांगला अनुभव आहे. एक लाखाच्या आतल्या शहरांमध्ये स्वच्छ सर्वेक्षणात २०२० साली कराड देशात पहिलं आलं, २०२१ ला विटा आणि २०२२ ला पाचगणी. सलग तीन वर्षं पहिला नंबर कृष्णेच्या खोऱ्यात. त्या सर्वेक्षणाची एक गोष्ट जरूर उचला. कोणत्या गोष्टीला किती गुण, हे सगळं आधी छापून देतात, आणि तपासणीला बाहेरची माणसं येतात. दुसरी गोष्ट उचलू नका. दरवर्षी नंबर लावला की कामही वर्षाच्या मापाने होतं. सर्वेक्षणाच्या महिन्यात भिंती रंगतात हे काय लपून राहिलंय का? कचरा गोळा करणं वर्षाच्या मापात बसतं, गावाची पुढची वीस वर्षं त्यात बसत नाहीत. म्हणून पुरस्कार दोन वर्षांनी एकदा द्या. आणि योग्य काम सापडलं नाही तर 'यंदा बक्षीस नाही' असं जाहीर करायची हिंमत ठेवा. पुढच्या खेपेला तुमच्या पुरस्काराचं वजन आपोआप वाढेल.

मला विचाराल तर या पट्ट्यातलं दाखवण्यासारखं काम मलकापूरचं. कराडला लागून, महामार्गाच्या कडेचं छोटं शहर. तिथे चोवीस तास पाणी द्यायचं ठरलं तेव्हा मीसुद्धा हसले होते. म्हटलं, पुण्या-मुंबईला जमत नाही ते इथे काय जमणार, लोक नळ उघडे टाकून टाकी रिकामी करतील. झालं उलटंच. प्रत्येक नळाला मीटर बसला, वापर वाढेल तसा दर चढत गेला, आणि पाणी जपून वापरलं जाऊ लागलं. याचं कारण कोणत्याही बाईला विचारा. नळ दिवसातून एकदा येतो तेव्हा आपण घरातला प्रत्येक हंडा, कळशी, बादली भरून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी ताजं पाणी आलं की कालचं 'शिळं' म्हणून मोरीत ओततो. नळ कायम चालू असला की साठवायचंच कारण राहत नाही, मग ओतायचंही नाही. एवढं साधं घरातलं गणित नकाशाच्या आणि दरपत्रकाच्या भाषेत मांडलं, म्हणून ते काम उत्कृष्ट. त्याची दखल देशपातळीवर घेतली गेली ते ठीकच. पण मला आवडलं ते असं, की तिथल्या बायकांना स्वतःचं बिल वाचता येत होतं.

हाच माझा आवडता निकष आहे आणि तो तुम्ही लेखी ठेवावा असं मला वाटतं. ज्याच्यासाठी आराखडा आहे, त्याला तो वाचता येतो का? हरकती-सूचनांच्या सुनावणीत एकदा एक आजी आली होती. हातात सातबारा, डोक्यावर पदर. भिंतीवर भाग नकाशा लावलेला. ती पाच मिनिटं बघत उभी राहिली आणि म्हणाली, "ह्यात माझी विहीर कुठं हाय?" नकाशावर विहीर नव्हती. नियमाप्रमाणे दाखवायची गरजही नव्हती. गट नंबर, रस्त्याची रुंदी, सगळं होतं. पण तिच्या लेखी जमीन म्हणजे ती विहीर, आणि तिच्यावरून बारा मीटरचा रस्ता चालला होता. आम्ही जागेवर गेलो, आखणी सहा मीटर सरकवली, रस्त्याला कसलाही बाक आला नाही. आम्हालाच ती विहीर आधी दिसली असती तर तिला अर्जावर अंगठा उठवायची वेळ आली नसती. त्यानंतर मी माझ्या प्रत्येक नकाशावर विहिरी, देवळं, वडाची झाडं आणि पाणंद रस्ते दाखवत आले. सहकारी हसायचे. हसू देत. प्रवेशिकेसोबत एकच मोठा मराठी नकाशा मागवा आणि तो सातवीतल्या मुलीपुढे ठेवा. तिला स्वतःची शाळा सापडली तर पुढे वाचा.

प्रादेशिक नियोजनाला वेगळं बक्षीस ठेवणार असाल तर तुमचे दोन जिल्हे एकत्र आहेत ही मोठी सोय आहे, कारण नदी एक आहे. महाबळेश्वरला उगम, माहुलीला वेण्णा येऊन मिळते, कराडला कोयना, हरिपूरला वारणा. वर सातारा जिल्ह्यात डोंगरउतारावर काय होतं ते खाली सांगलीला भोगावं लागतं. इथे एक अडचण येते. प्रादेशिक नियोजनातलं सर्वांत चांगलं काम बरेचदा दिसतच नाही. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला. तिथलं यश मोजायचं तर काय बांधलं नाही ते मोजावं लागेल. न झालेल्या हॉटेलची फीत कोण कापणार? जुनी आणि नवी उपग्रह चित्रं शेजारी शेजारी ठेवा, कडे आणि उतार कुठे शाबूत राहिले, कुठे खरवडले गेले ते बघा, आणि शाबूत राखणाऱ्यांना बक्षीस द्या, मग तो वनपाल असो, तलाठी असो की नाही म्हणणारा ग्रामसेवक असो.

आणि नियोजन म्हणजे डिग्रीवाल्यांचंच काम, असं समजू नका. खानापूर तालुक्यात तांदूळवाडी-बलवडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात येरळेवर बळीराजा धरण उभं केलं. पैसा नदीतली थोडी वाळू विकून उभा केला आणि पाणी भूमिहीनासह सगळ्यांना सारखं, असं ठरवून टाकलं. साधन, खर्च, वाटप आणि कारभार, चारही गोष्टी एका कागदावर. आमच्या कॉलेजात प्रादेशिक नियोजनाची व्याख्या शिकायला एक सेमिस्टर गेलं होतं.

साताऱ्यातल्या पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरला (चौकाखालून वाहनं नेणाऱ्या रस्त्याला) पात्र धरायचं का, असंही तुम्ही विचारलंय. धरू नका. तो चांगला की वाईट हा वेगळा वाद, पण ते अभियांत्रिकीचं काम आहे. नाक्यावर एवढी वाहनं येतातच का, याचा विचार करून कोणी साताऱ्यातली कामाची ठिकाणं, शाळा, स्टँड यांची मांडणी बदलली असती तर ते नियोजन. साताऱ्यात जुन्या कामांचा सन्मान करायचा असेल तर खापरी, म्हणजे भाजक्या मातीच्या नळांकडे बघा. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी थोरल्या शाहू महाराजांनी वसवलेल्या या शहरात डोंगरातलं पाणी नुसत्या उताराने पेठांमधल्या हौदांपर्यंत यायचं. मधली हवा सोडायला बांधलेले उच्छ्वास कुठे कुठे अजून उभे आहेत. त्यांच्याभोवती पार्किंग होऊ न देणाऱ्या मंडळाला खुशाल शाल द्या.

गुंठेवारीबद्दल, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या प्लॉटांच्या वसाहतींबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. असे प्लॉट नियमित करायचा २००१ चा कायदा झाला तेव्हा सांगली-कुपवाडमधल्या निम्म्या ओळखीच्या लोकांचे प्लॉट त्यात होते. आधी १ जानेवारी २००१ पर्यंतचे, पुढे २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचे. आम्ही नगररचनाकार या वसाहतींकडे नाक मुरडून बघायचो. पण कोऱ्या माळावर सुंदर लेआउट काढणं सोपं आहे. शंभर घरं आधीच उभी आहेत, बोळ नऊ फुटांचा आहे, गटार नाही, आणि तिथे अग्निशमनाची गाडी आणि पाण्याची लाईन नेऊन दाखवायची, याला अक्कल लागते आणि उंबरे झिजवावे लागतात. असं काम आलं तर माझ्या मते त्याला बाकीच्यांपेक्षा दहा गुण जास्त द्या.

गुणांचं म्हणाल तर ढोबळमानाने चाळीस गुण जागेवर काय टिकलं याला, पंचवीस ज्यांची जमीन किंवा सोय गेली त्यांना कसं वागवलं याला, वीस पैसा आणि देखभाल कुठून येते याला, उरलेले कल्पकतेला. सादरीकरणाला शून्य. दुसऱ्या मुद्द्यासाठी एक काम न चुकता करा. प्रत्येक प्रकल्पात ज्याचं नुकसान झालं असा एक तरी माणूस शोधून त्याच्याशी बोला. तो शिव्या देईल. शिव्या देऊनही "पण पैसे वेळेवर मिळाले" किंवा "साहेब तीनदा घरी आला होता" असं काही म्हणाला, तर ते वाक्य मानपत्रात घाला.

ज्युरीत पाच जण पुरेत. एक बाहेरच्या जिल्ह्यातला नियोजनकार, एक पाणीपुरवठ्यातला जुना वॉलमन किंवा तत्सम माणूस (कोणत्या गल्लीत पाणी का चढत नाही हे त्याला नकाशापेक्षा जास्त कळतं), एक शाळेतली बाई, एक पत्रकार आणि एक अपंग व्यक्ती, जी फुटपाथवरून स्वतः जाऊन बघेल. आपल्याकडे सगळेच एकमेकांचे विद्यार्थी, भागीदार नाहीतर व्याही असतात, तेव्हा नातं आलं की त्या प्रवेशिकेपुरतं उठून बाहेर जायचं, हे आधीच लिहून घ्या. बक्षीस देताना आराखड्यावर काम केलेला मोजणीदार आणि ड्राफ्ट्समन यांनाही मंचावर बोलवा, नुसत्या साहेबांना नको. आणि निवड का केली ते दोनशे शब्दांत साध्या मराठीत छापा, हरलेल्यांनाही ते वाचू द्या.

मला ज्युरीत घ्यायचं तुम्ही म्हणताय ते मात्र नको. या दोन जिल्ह्यांतल्या बऱ्याच नकाशांवर माझी सही आहे, त्यांतले काही चुकलेतही. पण जुलैमधल्या पाहणीला गाडीत एक जागा ठेवा. सकाळी लवकर निघू, आणि शामरावनगरात उतरायचं असेल तर गमबूट बरोबर घ्या. तिथली काळी माती चपला ठेवून घेते.